सेकंडहँड अनलॉक्ड फोन आणि स्वस्त प्रीपेड सिम: ही जोडी जमवायची कशी

वापरलेला पण धडधाकट अनलॉक्ड फोन घ्यायचा, त्यात कमी खर्चाचं प्रीपेड सिम टाकायचं आणि महिन्याच्या बिलातून कायमचं सुटायचं, हा बेत चांगला आहे. तो फसतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. फोन आधी पसंत केला जातो आणि तो कुठल्या नेटवर्कवर चालणार याचा विचार पैसे दिल्यावर सुरू होतो. सिम टाकलं, इंटरनेट चाललं, म्हणजे झालं असं वाटतं. पहिला फोन येतो तेव्हा पलीकडच्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं आणि मग शोधाशोध सुरू होते.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी नेटवर्क, मग फोन, आणि दोन्हींत सगळ्यात आधी कॉल.

स्वस्त कंपनी कुणाच्या टॉवरवर चालते?

कमी दरात प्रीपेड देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या मोठ्या कंपनीकडून नेटवर्कची क्षमता घाऊक दराने घेतात आणि आपल्या नावाने विकतात. अशा कंपन्यांना एमव्हीएनओ, म्हणजे आभासी नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्या म्हणतात. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली व्हर्जिन मोबाइल ही या प्रकारातली सुरुवातीची गाजलेली कंपनी. आज अनेक देशांत अशा डझनावारी कंपन्या आहेत.

तुमच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रेंज स्वस्त कंपनीची नसते, टॉवरमालकाची असते. त्यामुळे नकाशा पाहायचा तो मोठ्या कंपनीचा. त्याहून बरं म्हणजे, तुम्ही राहता आणि काम करता तिथे त्याच मोठ्या कंपनीचं सिम वापरणाऱ्या एखाद्याला विचारा. इमारतीच्या आतल्या खोलीत, लिफ्टजवळ, तळघरात काय होतं हे नकाशा सांगत नाही. मोठी कंपनी काही भागांत दुसऱ्यांच्या टॉवरवर रोमिंग करते आणि काही छोट्या कंपन्या ते रोमिंग देत नाहीत, त्यामुळे मालकाच्या नकाशात रंगलेला प्रत्येक कोपरा तुम्हाला मिळेलच असं नाही. हेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट वेगाची. टॉवरवर गर्दी झाली की कोणाचा डेटा आधी सोडायचा हे नेटवर्क ठरवतं. ४जीमध्ये प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला एक दर्जा दिलेला असतो. महागड्या प्लॅनचा डेटा वरच्या दर्जात आणि स्वस्त प्लॅनचा खालच्या दर्जात ठेवण्याची पद्धत आहे. एरवी फरक जाणवत नाही, पण स्टेशनात, सभेत, सामन्याच्या मैदानात तो नक्की जाणवतो. फोनमध्ये पूर्ण दांड्या आणि पान मात्र उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा फोनचा नसतो. ४जीवरून जाणारा कॉल मात्र साध्या डेटापेक्षा वरच्या दर्जात जातो. त्यामुळे गर्दीत इंटरनेट रडत असतानाही बोलणं नीट होऊ शकतं.

प्लॅन निवडताना ‘अनलिमिटेड’ या शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा. किती जीबीनंतर वेग पडतो आणि पडून किती होतो? १२८ केबीपीएसवर चॅटचा मजकूर जातो, पण नकाशाही धड उघडत नाही. हॉटस्पॉट चालतो का? व्हिडिओचा दर्जा मुद्दाम खाली ठेवला आहे का? वाय-फायवरून कॉल करता येतो का? शेवटचा प्रश्न घरात रेंज कमी असणाऱ्यांसाठी मोलाचा आहे, आणि स्वस्त कंपन्यांमध्ये नेमकी हीच सोय बऱ्याचदा नसते.

कुलूप एक नसतं

विक्रेता ‘अनलॉक्ड आहे’ म्हणतो तेव्हा तो नेटवर्कच्या कुलपाबद्दल बोलत असतो, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालेल. पण वापरलेल्या फोनवर आणखी तीन अडथळे असू शकतात आणि त्यांतला कुठलाही एक शिल्लक असला तर फोन निरुपयोगी. चारही तपासा.

नेटवर्कचं कुलूप आयफोनवर लगेच दिसतं. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. खाली ‘कॅरियर लॉक’च्या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं लिहिलेलं हवं. अँड्रॉइडवर अशी सगळीकडे सारखी जागा नाही, तिथे खरी परीक्षा एकच: वेगळ्या कंपनीचं चालू सिम टाकून पाहणं. कुलूप असेल तर फोन अनलॉक कोड मागतो. म्हणून फोन पाहायला जाताना खिशात दोन वेगवेगळ्या नेटवर्कची सिम न्या. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून आणि जपानने ऑक्टोबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यावर बंधनं आणली. पण त्याआधीचे फोन अजून बाजारात फिरत आहेत आणि सगळ्याच देशांत असा नियम नाही.

इथे एक लबाडी माहीत असू द्या. कुलूपबंद आयफोनमध्ये सिमखाली कागदाइतकी पातळ चिप सरकवून तो अनलॉक्ड असल्याचं भासवतात. चिप आहे तोवर फोन चालतो, पुढचं अपडेट आलं किंवा फोन रीसेट केला की बंद. त्यामुळे सिमचा ट्रे स्वतः बाहेर काढून नीट पाहा आणि ‘कॅरियर लॉक’ची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

दुसरं कुलूप आधीच्या मालकाच्या खात्याचं. आयफोनमध्ये हे अॅक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आलं. अँड्रॉइडमध्ये रीसेटनंतरचं संरक्षण २०१५ मध्ये ५.१ आवृत्तीपासून आलं. दोन्हींचा हेतू एकच: चोरलेला फोन रीसेट करूनही वापरता येऊ नये. प्रामाणिक विक्रेता खातं काढायला विसरला तरी परिणाम तोच होतो. तपासणी सोपी आहे, पण ती पूर्ण करावी लागते. विक्रेत्याने तुमच्यासमोर खातं काढावं, सेटिंग्जमधूनच फोन रीसेट करावा आणि मग तुम्ही वाय-फाय जोडून अगदी होम स्क्रीन येईपर्यंत सगळी सुरुवातीची पानं पार करावीत. वाय-फाय जोडणं विसरू नका. इंटरनेटशिवाय फोनला सर्व्हरकडे विचारताच येत नाही, आणि काही विक्रेते नेमका त्याचाच फायदा घेतात. ‘खातं मी रात्री घरून काढतो’ असं कोणी म्हणालं, तर आयफोनच्या बाबतीत ते दुरून करता येतं हे खरं आहे. पण मग पैसेही रात्रीच द्या.

तिसरं कुलूप कमी लोकांना माहीत असतं. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला फोन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली असतो. तो रीसेट केला तरी नेट जोडताच पुन्हा कंपनीचं पान उघडतो. आयफोनवर सेटिंग्जच्या अगदी वर ‘सुपरवाइज्ड’ असा उल्लेख दिसला की समजून जा. हप्त्यांवर घेतलेल्या काही अँड्रॉइड फोनांतही कर्ज देणाऱ्याचं असं कुलूप असतं. हप्ते थकले की पडदा बंद होतो आणि फोन कोणाच्या हातात आहे याच्याशी त्या यंत्रणेला देणंघेणं नसतं.

चौथा अडथळा फोनमध्ये नसतोच, तो नेटवर्कच्या यादीत असतो. चोरीला गेलेल्या किंवा बाकी थकलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, काळ्या यादीत टाकतात आणि नेटवर्क त्याला आत घेत नाही. डायलरमध्ये *#०६# दाबलं की १५ अंकी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही तपासा. पहिले ८ अंक फोनचं मॉडेल सांगतात, शेवटचा अंक पडताळणीचा असतो. हाच क्रमांक सेटिंग्जमध्ये, सिमच्या ट्रेवर किंवा डबीवर छापलेला असेल तर तोही जुळवून पाहा. आयएमईआय एका मॉडेलचा आणि हातातला फोन दुसराच, असं निघालं तर सौदा तिथेच सोडा.

काळी यादी तपासण्यासाठी अनेक देशांत सरकारी किंवा दूरसंचार संघटनांची मोफत सोय आहे. पण ही यादी सगळ्या जगात एकसारखी लागू होत नाही, त्यामुळे परदेशातून आलेल्या फोनचा इथला निकाल स्वच्छ आला तरी पूर्ण भरवसा नको. आणि आज स्वच्छ असलेला क्रमांक उद्या यादीत जाऊ शकतो, कारण विक्रेत्याला हप्ते भरणं नंतरही थांबवता येतं. म्हणून खरेदीची पावती, नाहीतर निदान विक्रेत्याच्या सहीची आयएमईआय लिहिलेली चिठ्ठी घ्या. हे मागताना संकोच वाटतो, पण प्रामाणिक माणूस ते देताना अडखळत नाही.

जाता जाता: ‘बूटलोडर अनलॉक्ड’ ही पूर्ण वेगळी भानगड आहे. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना त्याचं सॉफ्टवेअर सुरू करणारा भाग. त्याचा सिमशी संबंध नाही, उलट असा फोन घेतला तर बँकेची अॅप्स रुसण्याची शक्यता मोठी.

बँड: अनलॉक्ड असूनही रेंज का नसते

मोबाइल नेटवर्क ठरावीक वारंवारतांवर चालतं आणि प्रत्येकीला बँडचा क्रमांक असतो. फोनमध्ये तो बँड पकडणारं हार्डवेअर असेल तरच रेंज मिळते, नंतर कुठल्याही अपडेटने ते येत नाही. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या खंडांसाठी वेगळ्या बँडचा बनतो, म्हणून नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या, शेवटच्या अक्षरासकट, आणि उत्पादकाच्या तक्त्यात त्याचे बँड पाहा.

सगळे बँड जुळायलाच हवेत असं नाही. लक्ष द्यायचं ते कमी वारंवारतेच्या बँडकडे. ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतींमधून आत शिरतात. २३०० किंवा २५०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण लवकर विरतात. ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० युरोपात महत्त्वाचा. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ ऑस्ट्रेलियात आणि आशियाच्या बऱ्याच भागात. अमेरिकेत त्याच पट्ट्यातले बँड १२ आणि १३, शिवाय ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१. हा खालचा बँड फोनमध्ये नसेल तर शहरात, रस्त्यावर सगळं छान वाटेल. घरात किंवा गावाबाहेर गेलात की दांड्या गळतील, आणि दुकानात उभं राहून केलेल्या चाचणीत हे कधीच कळणार नाही.

५जीसाठी जास्त पैसे मोजायचे का? माझ्या मते स्वस्त प्लॅनवर त्याची घाई नको. आधी पाहा की तुमच्या प्लॅनमध्ये ५जी आहे का आणि त्या नेटवर्कने तुमच्या मॉडेलवर ते सुरू केलं आहे का. चांगला ४जी फोन अजून बरीच वर्षं काम देईल.

कॉल: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

पूर्वी ४जी फक्त डेटासाठी होतं. कॉल आला की फोन गुपचूप ३जी किंवा २जीवर उतरायचा, बोलणं झालं की परत वर यायचा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. आता जगभर ती जुनी नेटवर्क बंद होत चालली आहेत. सिंगापूरने २जी २०१७ मध्येच बंद केलं, जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये आटोपलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने तर २जी-३जी ठेवलंच नव्हतं, पहिल्या दिवसापासून सगळं ४जीवर. अशा नेटवर्कवर कॉल ४जीवरूनच जातो, याला व्होल्टी म्हणतात.

अडचण अशी की व्होल्टी हे फक्त हार्डवेअरचं काम नाही. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या विशिष्ट नेटवर्कच्या सेटिंग्ज असाव्या लागतात आणि काही नेटवर्क आयएमईआयचे पहिले अंक पाहून मान्य मॉडेलनाच व्होल्टी देतात. म्हणून दुसऱ्या देशात विकला गेलेला, पूर्ण अनलॉक्ड, सगळे बँड जुळणारा फोन डेटा झकास चालवतो आणि कॉल मात्र लावत नाही. सेकंडहँड बाजारातली ही सगळ्यात महागडी निराशा, कारण विक्रेत्याने खोटं बोललेलं नसतं. फोन खरंच अनलॉक्ड असतो.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आणखी खोल गेला. काही फोन रोजचे कॉल ४जीवरून करायचे, पण आपत्कालीन क्रमांक लावला की ३जी शोधायचे. ३जी गेल्यावर असे फोन नेटवर्कवरूनच बंद करणं तिथल्या कंपन्यांना नियमाने भाग पडलं. मालकांच्या दृष्टीने चालता फोन एका दिवसात खेळणं झाला. नियम कठोर वाटतो, पण मला तो बरोबर वाटतो. संकटाच्या वेळी न लागणारा फोन जवळ असणं हे फोन नसण्यापेक्षा वाईट.

तपासणी अशी करा. ज्या प्रीपेड कंपनीचं सिम घ्यायचं आहे तिच्या साइटवर आयएमईआय टाकून फोन चालेल का हे पाहायची सोय बहुधा असते, ती वापरा. मोठ्या कंपनीच्या साइटवर नव्हे, स्वस्त कंपनीच्याच साइटवर, कारण टॉवर एकच असले तरी मान्य फोनांची यादी वेगळी असू शकते. मग प्रत्यक्ष सिम टाकून, वाय-फाय बंद करून कॉल लावा आणि बोलत असताना वरच्या पट्टीकडे पाहा. चिन्ह ४जी किंवा एलटीई (४जीचंच दुसरं नाव) राहिलं तर व्होल्टी चालू आहे. ते ३जी, एच किंवा ई झालं तर फोन जुन्या नेटवर्कवर उतरला आहे आणि ते बंद झालं की कॉलही बंद होतील. बोलतानाच ब्राउझरमध्ये पान उघडलं म्हणजे व्होल्टी चालू आहे असं समजू नका, ३जीवरही ते उघडू शकतं. दुसऱ्या फोनवरून या नंबरवर कॉल घ्यायला विसरू नका. जाणारा कॉल लागतो आणि येणारा पोहोचत नाही, असंही घडतं. आपत्कालीन क्रमांक चाचणी म्हणून लावू नका, तिथली माणसं कामात असतात.

व्होल्टी चालू नसेल तर हार मानण्याआधी मोबाइल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्याचं बटण बंद आहे का पाहा, फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि सिम काढून परत घाला. सिम खूप जुनं असेल तर कंपनीकडून नवं घ्या. एवढं करूनही नाही झालं, तर तो फोन त्या नेटवर्कसाठी नाही.

हातात घेऊन पाहताना

बाकीची तपासणी कोणत्याही जुन्या फोनसारखीच, भराभर उरका. आयफोनवर बॅटरीची उरलेली क्षमता सेटिंग्जमध्ये दिसते, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. अॅपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलची बॅटरी ५०० चार्जिंग फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून १०००. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#०*# दाबलं की पडदा, स्पर्श, स्पीकर तपासायचं पान उघडतं. दोन्ही कॅमेरे, चार्जिंगची जागा, बोटाचा ठसा, कानाचा स्पीकर आणि मायक्रोफोन पाहा. बऱ्याच फोनांत सिमच्या खाचेत पाण्याचा खूण-कागद असतो, तो लाल झालेला असेल तर फोन भिजलेला आहे.

सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार हे मात्र नीट पाहा, किमतीइतकंच महत्त्वाचं आहे ते. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून ७ वर्षांचं आश्वासन दिलं आहे, पण ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. अबाउट फोनमध्ये शेवटच्या सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर फोन कितीही चकचकीत असला तरी त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

सिमची जागाही पाहून घ्या. २०१२ च्या आयफोन ५ बरोबर आलेलं १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो सिम आता सिमची खाच असलेल्या बहुतेक फोनांत चालतं. कात्रीने मोठं सिम कापून नॅनो बनवण्याचा उद्योग करू नका, नॅनो थोडं पातळही असतं आणि कापलेलं सिम ट्रेमध्ये अडकतं. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि नंतरच्या फोनांत सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवाय सुरू होणारं सिम. उलट चीनच्या मुख्य भूमीत विकलेले बहुतेक आयफोन ई-सिम घेतच नाहीत. तुमची प्रीपेड कंपनी यांपैकी काय देते हे आधी माहीत हवं.

सिम टाकल्यावर

घरी आणल्यावर फोन आणखी एकदा रीसेट करा आणि वाय-फायवर सगळी अपडेट पूर्ण होऊ द्या, सिम नंतर. ई-सिम घेत असाल तर क्यूआर कोड सांभाळा, तो बहुतेक वेळा एकदाच चालतो. पुढे कधी फोन रीसेट करताना ‘ई-सिम पुसायचं का’ असा प्रश्न आला तर घाईत हो म्हणू नका.

सिम टाकून फोन बंद-चालू केला की कॉल आणि संदेश आपोआप सुरू व्हायला हवेत. डेटा मात्र बऱ्याचदा सुरू होत नाही, आणि इथे लोक विनाकारण फोन परत करायला धावतात. कारण असतं एपीएन. हे नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव. मोठ्या कंपन्यांची नावं फोनमध्ये आधीच भरलेली असतात, छोट्यांची बऱ्याचदा नसतात. फोन टॉवर ओळखतो, तो मोठ्या कंपनीचा म्हणून तिचंच एपीएन लावतो आणि नेटवर्क तुमच्या सिमला त्या दाराने सोडत नाही.

कंपनीच्या मदतपानावर एपीएनचे तपशील मिळतात. अँड्रॉइडवर मोबाइल नेटवर्क, मग अॅक्सेस पॉइंट नेम्स उघडून नवीन जोडा. नाव काहीही द्या. एपीएनची ओळ दिली आहे तशीच, लहान-मोठ्या अक्षरांसकट टाका. प्रोटोकॉलमध्ये ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ निवडा, फक्त जुना आयपीव्ही४ ठेवला तर काही नेटवर्कवर डेटा अर्धवट चालतो. एमसीसी आणि एमएनसी हे देश आणि नेटवर्कचे क्रमांक आपोआप आलेले असतात, त्यांना हात लावू नका. चुकीचे टाकले तर जतन केलेलं एपीएन यादीत दिसतच नाही आणि माणूस चक्रावतो. फोटो असलेले जुन्या पद्धतीचे संदेश हवे असतील तर एमएमएसचा पत्ताही लागतो, तो नसला तरी डेटा चालतो. शेवटी तीन ठिपक्यांच्या मेनूतून जतन करा आणि नव्या एपीएनवर खूण करा. लोक जतन करतात आणि खूण करायची राहते. मग विमान मोड लावून काढा.

आयफोनवर हे बहुधा आपोआप होतं. नाहीच झालं तर आधीच्या कंपनीची प्रोफाइल, म्हणजे तिच्या सेटिंग्जची फाइल, शिल्लक आहे का ते व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंटच्या पानावर पाहून काढून टाका. सेल्युलर डेटा नेटवर्कचं पान दिसत असेल तर तपशील हाताने भरा, दिसत नसेल तर कंपनीची प्रोफाइल उतरवा.

डेटा चालतो आणि फक्त हॉटस्पॉट चालत नाही, अशा वेळी आधी प्लॅन पाहा. प्लॅनमध्ये असूनही नसेल चालत, तर अँड्रॉइडवर एपीएनच्या प्रकारात ‘डीयूएन’ जोडायचं असतं.

नंबर हलवण्याची घाई नको

माझा ठाम सल्ला: आधी सगळ्यात छोट्या प्लॅनचं, नव्या नंबरचं सिम घ्या आणि ते या फोनमध्ये काही दिवस वापरा. घरात, कामावर, प्रवासात, रात्री. समाधान झालं की मग जुना नंबर पोर्ट करा, म्हणजे नव्या कंपनीकडे हलवा. दोन सिमचा फोन असेल तर हे फारच सोपं. एक अट पाहून घ्या: काही कंपन्या जुना नंबर फक्त सिम सुरू करतानाच आत घेतात. तसं असेल तर पोर्टसाठी दुसरं सिम लागेल.

पोर्ट होईपर्यंत जुनी सेवा बंद करू नका आणि तिची मुदत संपू देऊ नका. बंद नंबर पोर्ट होत नाही, आणि हातचा गेलेला नंबर परत मिळण्याची खात्री नसते. जुन्या कंपनीकडून लागणारा कोड, पिन किंवा खाते क्रमांक आधी काढून ठेवा. प्रीपेडमध्ये खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर वेगळे असू शकतात, आणि पोर्ट अडकण्याचं ते नेहमीचं कारण आहे. नाव-पत्ताही दोन्हीकडे अक्षरशः सारखा द्या. पोर्टच्या काळात कॉल सुरू होतात आणि संदेश काही तास मागे राहतात, तेव्हा त्या दिवशी ओटीपीवर अवलंबून असलेलं बँकेचं काम ठेवू नका.

आयफोन सोडून अँड्रॉइडवर जात असाल तर सिम काढण्याआधी जुन्या फोनमधलं आयमेसेज बंद करा. नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे संदेश तुमच्या जुन्या खात्याकडेच जात राहतील. जुना फोन हातात नसेल तर अॅपलच्या साइटवर नंबर नोंदणीतून काढायची सोय आहे.

प्रीपेड चालू ठेवताना

स्वस्त प्रीपेडचा खरा धोका वेग किंवा रेंज नाही, विसरणं हा आहे. मुदत संपली, सवलतीचा काळही गेला, की नंबर परत घेतला जातो आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमचं बँक खातं, ईमेल, चॅट त्या नंबरशी जोडलेलं असेल तर ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात. आपोआप रिचार्ज लावा, नाहीतर मुदतीच्या चार-पाच दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. जिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच कोड तयार करणारं) चालतं तिथे ते वापरा आणि चॅट अॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

सिमला पिन लावा. फोनला स्क्रीन लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी घेतो, पिन असेल तर ते जमत नाही. लावताना कंपनीचा मूळ पिन विचारला जातो, तो अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम ८ अंकी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं आणि तोही १० वेळा चुकला की सिम कायमचं मरतं. पीयूके सिमच्या कार्डावर छापलेला असतो किंवा कंपनीच्या अॅपमध्ये मिळतो. तो आयएमईआय आणि खरेदीच्या पावतीसोबत कुठेतरी फोनबाहेर लिहून ठेवा. फोन हरवला तर तक्रार नोंदवताना आणि आयएमईआय काळ्या यादीत टाकायला सांगताना हेच कागद मागितले जातील.